हाक आधी कुणी मारायची

मालन परबला नियम आवडतात. आवडतात म्हणजे, जिथे नियम नसेल तिथे ती स्वतः एक करून ठेवते. घाटकोपरच्या डोंगरावर चाळीत राहायची तेव्हा नळावर कुणी किती कळश्या भरायच्या हे तीच ठरवायची. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, परब मंडळी अकराव्या मजल्यावर गेली, तेव्हा लिफ्टमधून ओला कचरा किती वाजायच्या आत खाली न्यायचा हेही तिनंच ठरवलं. सोसायटीचे सेक्रेटरी धोंडू सावंत तिला पॅसेजमध्ये पाहिलं की जिन्याची वाट धरतात, असं इमारतीतले लोक सांगतात. अकराव्या मजल्यावरून जिना उतरायचा म्हणजे माणूस किती घाबरत असेल बघा.

छप्पन्न वर्षांची बाई. कणकवलीकडच्या एका वाडीतून लग्न होऊन मुंबईत आली. नवरा दत्ताराम कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गिरणी बंद पडली, तो वर्षभर घरी बसला आणि मग वॉचमन झाला. त्या वर्षात मालननं एक जुनं शिलाई मशीन घेतलं आणि साड्यांना फॉल-बीडिंग करून दोन पोरांचं शिक्षण ओढलं. देवेश थोरला, अक्षता धाकटी. देवेश आता बायकोमुलांसह पनवेलला असतो. अक्षता नाही.

अक्षता तीन वर्षांपूर्वी गेली. पुण्यात नोकरी करत होती, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. नुकतं सव्विसावं लागलं होतं. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे की तिला डेंग्यू झाला आणि ताप डोक्यात गेला. हे कुणी ठरवून रचलं नव्हतं. तिला पुण्याहून आणलं तेव्हा खाली माणसं जमली होती, दत्तारामचा मोठा भाऊ पुढे झाला आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं. मालननं ऐकलं आणि मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर पुढची तीन वर्षं गेली. खरी गोष्ट घरातल्या चार माणसांना ठाऊक होती. अक्षतानं स्वतःच आपला जीव संपवला होता. का, ते चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मालनला घास गिळेनासा झाला. घशात काहीतरी अडकलंय, अशी तिची तक्रार. नळी घालून पाहिलं, फोटो काढले, रक्त तपासलं; घशात काही नव्हतं. शेवटी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं तिच्या कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "आजी, दर गुरुवारी अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावर बायकांचा एक गट बसतो. एकदा जाऊन बघा." मालनला आजी म्हटल्याचा राग आला, पण कागदावर लिहिलंय म्हणजे जायला हवं, म्हणून ती गेली.

खोली पूर्वी धुतलेल्या चादरी ठेवायची होती. अजून साबणाचा वास यायचा. सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या आणि समुपदेशक निधी, जेमतेम तिशीची, त्याच गोलातल्या एका खुर्चीवर. "इथे मॅडमबिडम कुणी नाही, सगळ्या ताई," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला होता. त्यावर तीन नियम होते. इथलं बोलणं इथेच ठेवायचं. एकमेकींचे फोन नंबर, पत्ते घ्यायचे नाहीत. आणि तिसरा: बाहेर कुठे भेट झाली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, समोरचीनं आधी हाक मारली तरच बोलायचं. कारण उघड होतं. बऱ्याचजणी घरी न सांगता यायच्या, आणि रस्त्यात कुणी "काय गं, गुरुवारी आली नाहीस?" म्हटलं की बरोबरच्या माणसाला काय सांगायचं?

मालनचा जीव त्या खोलीत कशानं रमला असेल तर त्या कागदानं. महिनाभरात ती गटाची हवालदार झाली. प्रियंका नावाची कॉलेजातली मुलगी एकदा म्हणाली, "आपण व्हॉट्सअॅप ग्रुप करूया ना यार," तेव्हा मालननं तिला असं फैलावर घेतलं की निधीला मध्ये पडावं लागलं. नियम म्हणजे नियम, हे मालनचं पालुपद.

आणि एवढी नियमाची पक्की असलेली ही बाई, आपली पाळी आली की मात्र एकच वाक्य सांगायची. "माझी मुलगी तापानं गेली." त्यापुढे काही नाही. निधी थांबायची, सगळ्या थांबायच्या. मालन पदराचं टोक बघत बसायची आणि पाळी पुढच्या खुर्चीकडे जायची.

संघमित्रा आली ती मालननंतर अर्ध्या वर्षानं. एकोणचाळीस वर्षांची, मेट्रो स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत कामाला, गुरुवारी सुट्टी. राहायला गोवंडीला. घरी सांगितलं होतं की शिवणक्लासला जाते. पहिल्या दिवशी तिनं हात जोडून माफीच मागितली. म्हणाली, "तुमच्या सगळ्यांकडे काहीतरी कारण आहे. माझ्याकडे कारणच नाही हो. नवरा चांगला आहे, बस डेपोत मेकॅनिक आहे. सासूचा जाच नाही. मुलगा दहावीला आहे, हुशार आहे. पण सकाळी उठवतच नाही मला."

मालनला मनातल्या मनात वाटलं, सुख टोचतंय बाईला. खोटं कशाला बोला, असंच वाटलं.

मग पुढच्या गुरुवारी संघमित्रा म्हणाली, "सगळं आहे, ताई, पण मी त्यात कुठेच नाहीये." आणि मालननं पदराचं टोक सोडून तिच्याकडे पाहिलं. अक्षता फोनवर जवळजवळ हेच म्हणायची. "सगळं आहे गं आई, पण कशात जीव लागत नाही." आणि मालन तिला उलट विचारायची, "काय कमी आहे गो तुला?" दर वेळी हेच विचारायची. त्या गुरुवारनंतर ती खुर्ची बदलून संघमित्राच्या शेजारी बसायला लागली.

आता प्रश्न असा की मैत्री करायची तर कुठे करायची? बाहेर ओळख नाही, फोन नाही. मालननं त्यावर निकाल दिला. दवाखान्याच्या फाटकाच्या आतली जागा ही 'आत'च धरायची. फाटकाच्या आत एक कँटीन होतं. मग दर गुरुवारी गट सुटला की वीस मिनिटं दोघी तिथे चहा घ्यायच्या, आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मागे वळून न बघता. निधीच्या कानावर हे गेलं असणार, पण ती काही बोलली नाही.

त्या वीस मिनिटांत संघमित्रा घरचं सांगायची. घराखाली पिठाची गिरणी आहे, ती चालू झाली की भिंत थरथरते, सासऱ्यांचा फोटो रोज तिरका होतो आणि सासूबाई रोज तो सरळ करायला लावतात. समोर विहार आहे, तिथे संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात, तिचा मुलगा सम्यकही तिथेच बसतो. एकदा ती हसत म्हणाली, "ताई, माझी वाट लागणार आहे. सासूबाई विचारतायत, क्लासमध्ये काय शिकलीस ते दाखव." मालननं त्याच दिवशी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि कँटीनच्या बाकावर तिला तुरपाई शिकवली. पुढच्या गुरुवारी हूक लावणं, त्याच्या पुढच्या गुरुवारी काज. संघमित्राचे टाके म्हणजे कोंबडीचे पाय. मालन उसवायला लावायची आणि संघमित्रा कुरकुरत पुन्हा घालायची. तीन वर्षांत मालनला कुणाची तरी वाट बघावीशी वाटली ती या गुरुवारांची. घासही बऱ्यापैकी उतरायला लागला होता.

फेब्रुवारीतली गोष्ट. मालन शेजारच्या नार्वेकरवहिनींबरोबर बाजार करून येत होती. नार्वेकरवहिनी चाळीपासूनच्या शेजारीण, मालनपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या. त्यांना दिसलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अकरा मजल्यांना माहीत होते, असा त्यांचा लौकिक. मेट्रोला जोडणाऱ्या पुलावर दोघी चढल्या तर समोर कठड्यापाशी संघमित्रा उभी. अंगावर कामावरचे कपडे, खांद्याला बॅग, आणि घरी जायची काही लगबग नाही. लोक तिला वळसा घालून जात होते.

दोघींची नजरानजर झाली. संघमित्रा बघतच राहिली. मालनला तिचा चेहरा बरा वाटला नाही, अगदी स्पष्ट कळलं की बरा नाही. पण नियम होता. समोरचीनं आधी हाक मारायची. मालननं क्षणभर वाट पाहिली. संघमित्रानं हाक मारली नाही. नार्वेकरवहिनी म्हणाल्या, "काय बघतंस गो?" आणि मालननं मान फिरवून पुलावर क्लिपा-पिना विकणाऱ्या बाईला उगाचच एक भाव विचारला. परत वळून पाहिलं तेव्हा कठड्यापाशी कुणी नव्हतं.

त्या गुरुवारी संघमित्रा आली नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मालननं गट सुटल्यावर निधीला गाठलं.

"संघमित्राची काही खबर?"

"मी माझ्याकडून प्रयत्न करतेय, ताई. फोन उचलत नाहीयेत. पण यापुढे मला काही सांगता येणार नाही तुम्हाला."

"पत्ता असेल ना तुमच्याकडे?"

निधीनं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "तुम्हीच तर सगळ्यांना नियम शिकवता."

मालन कँटीनमध्ये जाऊन बसली. चहा समोर आला आणि निवला. दत्तारामला फोन करून तिनं सांगितलं की यायला उशीर होईल, भात लावून घ्या. "खंय चललंस?" त्यानं विचारलं. "गोवंडीक," ती म्हणाली, आणि तो पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला.

पत्ता नव्हता, पण मालनकडे गिरणी होती. खाली पिठाची गिरणी, समोर विहार. गोवंडीत गिरण्या काय कमी आहेत? पहिल्या गिरणीसमोर विहार नव्हता. दुसरीसमोर होता, पण वर गोदाम. उन्हात तास-दीड तास गल्ल्या पालथ्या घालून ती तिसऱ्या गिरणीशी पोचली. गिरणीवाला चंद्रप्रकाश, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झालेला. "वो टिकटवाली दीदी? ऊपर, दूसरा दरवाजा," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "बहुत दिन से नीचे नहीं उतरी." मालननं लोखंडी जिन्याचा कठडा घट्ट धरला. खाली उतरली नाही म्हणजे वर आहे. आहे, एवढं तरी कळलं.

दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. "कोन पायजे?"

"संघमित्रा."

"तुमी कोन?"

साऱ्या वाटेवर मालननं याच प्रश्नाचं उत्तर घोळवलं होतं. "शिवणक्लासातली," ती म्हणाली.

म्हातारीचा चेहरा उजळला. "या, या, जयभीम."

"जयभीम," मालन म्हणाली आणि आत गेली. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. तो चांगलाच तिरका झालेला होता, आणि कुणी सरळ केलेला नव्हता.

"धा-बारा दिस झाले, पडूनच हाय," सासू हळू आवाजात सांगू लागली. "ताप न्हाई, खोकला न्हाई. इथल्या डाक्टरनं टानिक दिलं. जेवत न्हाई, बोलत न्हाई. मी म्हनलं, क्लासला तरी जा बाई, तिथून आली की जरा हसत असतीस. तर त्येबी न्हाई." मग त्यांनी कपाटातून एक अर्धवट ब्लाऊज काढून दाखवला. "आन् ह्ये बघा. सहा म्हैन्यांत एवढंच शिकली."

"द्या इकडे," मालन म्हणाली. "बसल्या बसल्या करते."

आतल्या खोलीत संघमित्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मालन पलंगाशेजारी खाली बसली, सुईत दोरा ओवला आणि त्या ब्लाऊजची गळपट्टी शिवायला घेतली. सासूबाई चहाचं दूध आणायला खाली गेल्या. खाली गिरणी चालू होती आणि फरशी थरथरत होती.

"नियम मोडलात, ताई," संघमित्रा भिंतीला म्हणाली.

"मोडला."

"पत्ता कुणी दिला?"

"तुझ्या गिरणीनं."

मग संघमित्रा म्हणाली, "त्या दिवशी पुलावर मी तुम्हाला बघितलं."

"मी पण तुला बघितलं."

"माहितीये. तुम्ही मान फिरवलीत." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मालनला सोसवेना. "त्या दिवशी मी घरी येणार नव्हते, ताई. ड्यूटी संपली, पुलावर आले आणि ठरवलं, बास झालं. मग वाटलं, एक संधी देऊया. कुणी एकानं माझं नाव घेऊन हाक मारली, तर जायचं घरी. आणि नेमक्या तुम्ही दिसलात. मला वाटलं, चला, वाचले."

मालनची सुई थांबली.

"मग सम्यकचा फोन आला. हॉलतिकीट कुठे ठेवलंय, विचारत होता. त्याला कपाटातला कप्पा सांगता सांगता चालायला लागले आणि घरी आले. तेव्हापासून ही अशी पडलेय."

नियम होता ना, असं मालनच्या अगदी ओठांवर आलं. कागदावर लिहिलाय, मी काय करणार? आणि ते खोटंही नव्हतं. पण तिनं गळपट्टी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "नियमाचं नाव मी पुढे केलं गो. खरं कारण ते नाही. शेजारीण होती बरोबर. तिनं विचारलं असतं, ही कोण? मग दवाखाना निघाला असता, गट निघाला असता, आणि मग अक्षताचं निघालं असतं. त्या भीतीनं मान फिरवली मी."

"अक्षताचं काय निघणार? तापानं गेली ना ती?"

"नाही," मालन म्हणाली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंडानं सांगितलं, की आपल्या मुलीनं आपणहून जीव संपवला.

एकदा सुरुवात झाल्यावर थांबता आलं नाही. शेवटचा रविवार तिनं सगळा सांगितला. अक्षता दोन दिवस घरी आली होती आणि संध्याकाळच्या बसनं पुण्याला परत जायची होती. मालन ओट्याशी तिला न्यायला घावणे करत होती. अक्षता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, दोन मिनिटं बसतेस?" मालन म्हणाली, "बस चुकेल तुझी, आधी डबा भरूदे." अक्षता बरं म्हणाली. डबा घेतला, पाया पडली आणि गेली. त्याला दोन दिवस झाले आणि मंगळवारी पुण्याहून फोन आला.

"तिच्या सामानाबरोबर डबा परत आला," मालन म्हणाली. "घासून, पुसून, कोरडा करून ठेवलेला. रिकामा. आमच्यात रिकामा डबा कुणी परत करत नाही गो. चिमूटभर साखर तरी घालतात. तिला हे माहीत होतं. मीच शिकवलं होतं." तिनं ब्लाऊजमध्येच तोंड खुपसलं आणि रडली, मोठ्यानं, जशी पुण्याहून गाडी आली त्या दिवशीही रडली नव्हती.

संघमित्रा कुशीवर वळली. दहा-बारा दिवसांत ती पहिल्यांदाच भिंतीपासून वळत होती. तिनं काही समजूत घातली नाही. हात लांब करून मालनच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवला.

डोळे पुसल्यावर मालननं तिला सरळच विचारलं. "अजून तसं वाटतं? घरी यायचं नाही, तसं?"

"कधी कधी."

"मग हे माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. मी फॉल-बीडिंगवाली बाई. निधीला फोन लावूया?"

संघमित्रा छताकडे बघत राहिली. गिरणी बंद झाली, पुन्हा चालू झाली. मग तिनं उशीखालून आपला फोन काढून मालनच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी संघमित्राचा नवरा भीमराज तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. आदल्या रात्री तिनं स्वतःच त्याला सगळं सांगितलं होतं. ऐकून तो बिचारा एवढंच म्हणाला, "म्हणजे शिवणक्लास नव्हताच का?" सासूबाईंना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं म्हणणं, क्लास नव्हता तर ही बाई आली कुठून आणि गळपट्टी एवढी सुबक बसली कशी?

मालन रोज जायला लागली. रोज ब्लाऊजचा थोडा भाग शिवायची आणि मुद्दाम थोडा ठेवायची, म्हणजे उद्या यायला कारण उरेल. तिसऱ्या दिवशी तिनं फळीवरून अक्षताचा डबा काढला. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. चाळीच्या मंडळानं तिला दहावीला बक्षीस दिला होता. त्यात मालननं घावणे भरले आणि गोवंडीला नेले. संघमित्रानं झाकणावरचं नाव वाचलं आणि दोन घावणे खाल्ले. डबा तिच्याकडेच राहिला.

गटात मालननं उभं राहून सांगितलं की तिनं नियम मोडला. एक नाही, तीनही. निधी तिच्यावर रागावली नाही, पण कागद तसाच ठेवायचा की नाही यावर त्या दिवशी खडाजंगी झाली. काहीजणींना तो नियम खरंच हवा होता, त्याशिवाय त्यांना येताच आलं नसतं. शेवटी असं ठरलं की नियम राहील, पण जिला बाहेर हाक मारलेली चालेल तिनं आपलं नाव त्याखाली लिहायचं. दोन आठवड्यांनी संघमित्रा परत आली आणि तिनं पहिलं नाव लिहिलं. मालननं पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. नार्वेकरवहिनी तिच्या डोळ्यांसमोर आल्या. तरी लिहिलं.

पण कागदावर नाव लिहिणं आणि चार लोकांत ओ देणं यांत अंतर असतं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मालन नार्वेकरवहिनींबरोबर त्याच पुलावरून येत होती. संघमित्रा पुन्हा कामावर रुजू झालेली तिला ठाऊक होतं. समोरून येणाऱ्या माणसांत ते कामावरचे कपडे दिसले. डावीकडे तीच क्लिपा-पिनावाली बाई बसली होती. मान फिरवायला जागा होती.

"मालनताई!"

एवढ्या मोठ्यानं, की तीन-चार माणसं थबकली. संघमित्रा कठड्याच्या कडेनं वाट काढत येत होती. अजून बारीक दिसत होती, डोळ्यांखालचं काळं गेलं नव्हतं.

"ओ!" मालन म्हणाली. तिलाही तो आवाज आपला वाटला नाही.

"कधीपासून बॅगेत घेऊन फिरतेय तुमचा डबा," संघमित्रा म्हणाली आणि तो तिच्या हातात दिला. डबा जड होता.

नार्वेकरवहिनींची नजर झाकणावर गेली. त्या मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्याच नवऱ्याच्या हातून तो डबा अक्षताला मिळाला होता. "अगो, ह्यो अक्षताचो डबो ना? ह्येंच्याकडे कसो इलो?"

पुलाखालून गाडी जात होती. मालननं ती जाऊ दिली.

"ही संघमित्रा. माझी मैत्रीण," ती म्हणाली. "दवाखान्यात मनाच्या आजाराचा गट बसतो, तिथे मी जाते. दर गुरुवारी. आणि वहिनी, आमची अक्षता तापानं गेली नाही. त्या पोरीनं आपला जीव आपण घेतला."

आता अकरा मजल्यांना कळेल, एवढंच तिच्या मनात आलं. कळू दे.

नार्वेकरवहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "माका ठाऊक आसा गो," त्या म्हणाल्या. "पयल्या दिसापासून. माझो भाचो नाय पुण्यात? कोणाक एक शब्द सांगूक नाय मी. तू आधी बोलशीत म्हणान गप रवलंय. तीन वर्सां झाली, मालन. रोज दारात बसतंय."

मालनला आठवलं, खरंच, त्या रोज संध्याकाळी दार उघडं टाकून बसतात. तिला वाटायचं, कोण येतंय-जातंय बघायला.

संघमित्रानं वहिनींची पिशवी उचलली आणि तिघी कठड्याला लागून बाजूला उभ्या राहिल्या, लोकांना वाट देत. मालननं डब्याचं झाकण उघडलं. आत शेंगदाण्याची चटणी होती, सासूबाईंच्या हातची, काठोकाठ भरलेली.